ओळीतला शेवटचा

राणीचा फोन आला तेव्हा दिनानाथ एका दोन फुटी गणपतीच्या डाव्या डोळ्यात बुबुळ भरत होता. फोन खिशात थरथरला, एवढंच. एरवी तो दहा वेळा थरथरतो आणि कुंचला जागचा हलत नाही. पेणच्या या कारखान्यात तीस वर्षं डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाचा हात फोनला भीक घालत नाही. पण आज कुंचला केसभर सरकला. बुबुळ नाकाच्या बाजूला कललं आणि इतका वेळ निवांत बसलेला तो गणपती एकाएकी दिनानाथच्या खांद्यामागं कुणी उभं असल्यासारखा तिकडं बघायला लागला. दिनानाथनं वेड्यासारखं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं डोळे न उघडलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा होत्या, दुसरं कोण असणार? त्यानं फोन कानाला लावला. “दादा, आबा नोट मागतायत,” धाकटी बहीण रोह्याहून बोलत होती. “कुठली नोट?” त्यानं विचारलं, आणि विचारतानाच आपण उगाच वेळ काढतोय हे त्याला कळलं. “कुठली म्हंजे? आज्याची नोट. सकाळपासून तोच जप चाललाय. डॉक्टर बोलले, दोन दिवस, लय तर तीन. येताना घेऊन ये रे, विसरू नको.” तो “व्हय गो” म्हणाला. नोट त्याच्याकडे नव्हती. आठ वर्षं होत आली, नव्हती.

कारखान्याचे मालक पोपटशेठ पलीकडून बघत होते. चुकलेला डोळा पुसायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक. एकदा उघडला तो उघडला. फडक्यानं पुसलात तर तो मिटत नाही, नुसता आंधळा होतो, असं ते म्हणत. अशी मूर्ती सबंध पुन्हा पांढऱ्यात घालायची आणि पहिल्यापासून रंगवायची. दिनानाथनं मूर्ती उचलून पांढऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवली. गेल्या तीस वर्षांत हे पाच-सात वेळाच झालं असेल. “बाप?” पोपटशेठनी विचारलं. दिनानाथनं मान हलवली. “जा तू,” ते म्हणाले. “तुझ्या मूर्तींच्या डोळ्यांना मी कुणाला हात लावू द्यायचा नाय.” पण दिनानाथ लगेच उठला नाही. रिकाम्या हातानं जायचं कसं, या एका गोष्टीपाशी त्याचं मन अडकून बसलं होतं.

आजा म्हणजे गोविंदा. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे आता जिवंत असलेल्या कुणी. खाडीकाठच्या मिठागरात तो मीठ ओढायचा. देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला त्या वर्षी, त्याची बायको गिरजाबाई चार महिन्यांची पोटुशी असताना, “मुंबईकडं जातो, कायदा मोडून येतो,” म्हणून तो चार माणसांबरोबर निघाला. जन्मभर मिठात पाय कुजवलेल्या माणसाला मूठभर मीठ उचलायला एवढ्या लांब जावं लागावं, याचं दिनानाथला लहानपणी हसू यायचं. बाकीचे चौघे आले, गोविंदा आला नाही. कुणी म्हणालं, लाठी डोक्यात बसली. कुणी म्हणालं, तुरुंगात तापानं गेला. आणि गावच ते, त्यामुळे कुणी असंही म्हणालं की कसला सत्याग्रह, त्यानं तिकडं दुसरं घर केलं. हे तिसरं बोलणं तेवढं टिकलं. गिरजाबाईच्या पोटातला तो काळुराम, म्हणजे आबा, त्याच बोलण्यात मोठे झाले. मिठागरावर कुणाशी वाजलं की समोरचा हमखास बाप काढायचा, आणि काढायला तरी बाप कुठं होता? फोटो नाही, कागद नाही, सत्याग्रहींच्या कुठल्या यादीत नाव नाही. आबा चिडायचे नाहीत. घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसायचे आणि अर्ध्या भाकरीवर उठायचे, एवढंच दिनानाथला आठवत होतं.

मग ती नोट आली. दिनानाथच्या हाती पोपटशेठनी पहिल्यांदा मोठ्या मूर्तींचे डोळे सोपवले त्या वर्षी, सत्तावीस वर्षांपूर्वी, हंगाम संपल्यावर त्यानं पाचशेची एक कोरी नोट आणून आबांच्या हातावर ठेवली होती. आबांना नोटा चित्रांवरून ठाऊक. पाचाची ट्रॅक्टरवाली, दोनाची वाघवाली. ही नवी कसली म्हणून त्यांनी ती उलटी केली आणि उलटीच धरून राहिले. मागच्या बाजूला गांधीबाबा काठी टेकत निघालेले आणि त्यांच्यामागं माणसांची ओळ. “हे काय चाललाय?” आबांनी विचारलं. “मिठाचा सत्याग्रह, आबा. दांडीची यात्रा.” आबा नोट घेऊन दाराशी उजेडात गेले. बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग आत गिरजाबाईच्या बाजेपाशी जाऊन बसले. ती तेव्हा पंचाऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. त्यांनी तिचा अंगठा धरून नोटेवर टेकवला, ओळीच्या अगदी शेवटी, आणि म्हणाले, “आये, हा बघ. शेवटचा. पुढं झुकून चाललाय.” म्हातारीनं अंगठा फिरवला. कागदावर तिला काय लागलं असेल ते देवाला ठाऊक. पण ती म्हणाली, “व्हय. असाच चालायचा. मिठाची पाटी वाहून वाहून पाठीत वाकला व्हता.” आणि सदुसष्ट वर्षांचे आबा रडले. दिनानाथनं बापाला रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्या दिवसापासून ती नोट नोट राहिली नाही. पत्र्याच्या डब्यात, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी ती ठेवलेली असायची. पितृपक्षात पान वाढलं की आबा पाटावर ती नोट ठेवत, पुढच्या बाजूच्या गांधीबाबांना पालथं घालून, ओळ वर करून, आणि वर झेंडूचं एक फूल. बाकीच्यांच्या घरी चौकटीतले फोटो असत, आमच्याकडं सरकारनं छापलेला बाप, असं ते सांगत आणि सांगताना त्यांची छाती फुगायची. गावातल्या त्या तिसऱ्या बोलण्याला उत्तर मिळालं होतं. पळून गेलेल्याला काय सरकार नोटेवर छापतं? एकदा त्यांनी दिनानाथला कडेच्या बारीक अक्षरांविषयी विचारलं. पंधरा भाषांत किंमत लिहिलीय, त्यानं सांगितलं आणि मराठी कुठली तिथं बोट ठेवून दाखवलं. आबा म्हणाले, “येवढ्या भाषांत लिवलाय, पर त्याचा नाव एकात पण नाय.” त्या वेळी दिनानाथला हे नुसतंच गमतीचं वाटलं होतं.

कारण त्याला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी नाही, पण दोनतीन वर्षांत त्याच्या लक्षात आलं. मातीतलं आयुष्य, त्यामुळे त्याची नजर माणसाआधी कापडाच्या घडीवर जाते. त्या ओळीतल्या धोतरांच्या चुण्या कापडाच्या नव्हत्या, ओतीव होत्या. पाय उचललेले होते ते चालणाऱ्याचे नव्हते, तोल सांभाळून उभ्या केलेल्या मूर्तीचे होते. पुढं कुणीतरी सांगितलंही की दिल्लीत असे अकरा पुतळे आहेत, त्यांचंच हे चित्र. तो गप्प राहिला. वर्षामागून वर्षं पितृपक्षात त्या पुतळ्याला आबांच्या मागोमाग नमस्कार करत राहिला. आणि मनातल्या मनात थोडा मोठा होत राहिला, ही खरी गोष्ट. आपल्याला कळतं आणि आबांना कळत नाही, याचं एक सुख असतं. बापाच्या बाबतीत तर जरा जास्तच असतं.

मग आठ वर्षांपूर्वीच्या त्या नोव्हेंबरात पाचशेची नोट बंद झाली. सगळीकडं एकच बोलणं, ही नोट आता चालणार नाही. आबा तेव्हा शहाऐंशीचे, दिनानाथकडं पेणला राहायला आलेले. डबा मांडीवर घेऊन बसले होते. “चालणार नाय म्हंजे काय?” त्यांनी विचारलं. “हा तर चालतोयच.” दिनानाथ दिवसभर कारखान्यात उभा राहून आलेला, उद्या बँकेच्या रांगेत उभं राहायचं म्हणून आधीच वैतागलेला. तो म्हणाला, “आबा, तो चालत नाय. कधीच चालत नव्हता. पुतळे हायत ते, दिल्लीतले. मी मूर्तीतला माणूस, मला कळत नाय व्हय?” आबांनी डब्यातल्या नोटेकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, “पुतळा तरी कुणाचा तरी असंल ना?” आणि दिनानाथ हसला. नोट बँकेत दिली याचं त्याला पुढं वाईट वाटलं, पण त्या हसण्याचं जितकं वाटलं तितकं नाही. आबा चिडले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि अर्ध्या भाकरीवर उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी, आबा अंघोळीला गेलेले असताना, दिनानाथनं डब्यातून नोट काढली आणि कारखान्यातून मिळालेल्या नोटांत घातली. का घातली? आठ वर्षं तो स्वतःला निरनिराळी उत्तरं देत आला होता. बंद झालेली नोट ठेवून काय करायची. उगाच लफडं नको. आबांचा भ्रम एकदाचा जाईल. यातलं एकही उत्तर खरं नव्हतं. हसलेल्या माणसाला आपण हसलो ते बरोबरच होतं असं ठरवायचं होतं, म्हणून त्यानं ती दिली. बँकेच्या खिडकीतल्या माणसानं सगळ्या नोटा गांधीबाबा वर येतील अशा सारख्या करून घेतल्या. ओळ खाली गेली.

संध्याकाळी आबांनी विचारलं तेव्हा तो खोटं बोलला. म्हणाला, कारखान्याच्या कपाटात ठेवलीय, बंद नोट घरात नको. “माझा बा कायदा मोडाय गेलता,” आबा म्हणाले, “आन् तू कपाटात लपवतोस?” पुढच्या पितृपक्षात त्यांनी पान वाढायला लावलं आणि रिकाम्या पाटावर झेंडूचं फूल ठेवलं. दर वर्षी ठेवत राहिले. नोट आण, असं मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते पडले आणि राणीनं त्यांना रोह्याला नेलं, तेव्हा दिनानाथला मनातून सुटल्यासारखं झालं होतं. आता त्यांना अखेरचे दोन-तीन दिवस उरले होते आणि त्यांनी मागितली होती ती एवढी एकच वस्तू.

तो झेरॉक्सच्या दुकानात गेला. मोबाइलवर त्या जुन्या नोटेचा फोटो सहज सापडला होता. दुकानदारानं तो पाहिला आणि हातच झटकले. “काका, नोटेची प्रिंट? मला आत टाकताय काय?” बंद झालेली नोट आहे, चालत नाही, असं दिनानाथनं सांगून पाहिलं. “मग तुम्हाला तरी कशाला पायजे?” तो म्हणाला. दिनानाथ परत कारखान्यात आला, जाड कागदाचा नोटेएवढा तुकडा कापला, त्यावर पिवळट करडा हात मारला, पंख्याखाली सुकवला आणि सगळ्यात बारीक कुंचला घेऊन बसला. पोपटशेठ येऊन बघून गेले. काठी टेकणारे गांधीबाबा चार रेघांत आले. ते सगळ्या देशाच्या हातात बसलेत. मागची माणसंही भराभर आली. शेवटच्यापाशी तो थांबला. मोबाइलवरचं चित्र मोठं करत गेला तसतसं ते विस्कटत गेलं आणि चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके उरले. इतकी वर्षं या माणसापुढं हात जोडले आणि त्याचा चेहरा आपण एकदाही पाहिला नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. मग त्यानं तो बनवला. कपाळ आबांचं घेतलं, हनुवटी स्वतःची. पाठीला म्हातारीनं सांगितलेला बाक दिला. घडीत ओतीवपणा येऊ दिला नाही, धोतर कापडाचंच ठेवलं, वाऱ्यावर जरा हलणारं. आणि मग तीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप वर गेला आणि मोहरीहूनही बारीक असे दोन डोळे उघडून खाली आला. दिनानाथनं कागद लांब धरून पाहिलं. असं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

रोह्याच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. तिकिटाला त्यानं पाचशेची नोट पुढं केली, कंडक्टरनं कपाळाला आठ्या घालत ती उलटसुलट केली आणि दिनानाथची नजर तिच्या पाठीवर गेली. लाल किल्ला. वर झेंडा. माणूस एकही नाही. त्यानं पाकिटातल्या बाकीच्या नोटा काढून पाहिल्या. वेरूळ, हंपी, गुजरातेतली राणीची बारव, सांचीचा स्तूप. सगळं दगडाचं, सगळं जागच्या जागी. ज्यांनी हे दगड वाहिले त्यांतला कुणी चुकून कोपऱ्यात राहिलाय का, म्हणून तो शोधत बसला आणि शेजारचा माणूस संशयानं त्याच्याकडं बघायला लागला. बाहेर डोलवीच्या पोलादाच्या कंपनीची धुराडी येऊन गेली. तिथं शिफ्ट सुटली होती आणि रस्त्याच्या कडेनं हेल्मेट हातात घेतलेली माणसं एकामागून एक चालली होती. त्यांतला शेवटचा जरा मागं पडलेला. बसनं त्याला गाठलं तेव्हा दिनानाथनं मान वळवून त्याचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण काचेवर धूळ होती. गडब गावाच्या पुढं शेतं लागली, कापणी होऊन केव्हाची मोकळी पडलेली. खिशातल्या कागदाला तो पुन्हा पुन्हा हात लावत होता. आबांना कळेल का? जवळचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं. कळलं तर काय सांगायचं? आणि नाही कळलं तर? नाही कळलं तर आपण त्यांना दुसऱ्यांदा फसवलं असं होईल, आणि या वेळी ते उलटून विचारायला उरणारही नाहीत. नागोठणं येईपर्यंत त्यानं ठरवलं की सांगून टाकायचं. रोहा येईपर्यंत त्याचा धीर निम्मा झाला होता.

आबा पुढच्या खोलीत खाटेवर होते. अंगाचं चिपाड झालेलं, फक्त डोळे जागे. राणीनं वाकून कानाशी सांगितलं, “आबा, दादा आलाय. नोट आणलीय.” आबांनी हात वर केला. दिनानाथनं कागद त्या हातात दिला आणि खाटेच्या कडेवर बसला. आबांनी आधी पाहिलंच नाही. अंगठा आणि बोटात धरून कागद चोळला, जसा म्हातारीनं कधीकाळी अंगठा फिरवला होता.

“हा नोटेचा कागद नाय,” ते म्हणाले.

“नाय,” दिनानाथ म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं बसमध्ये जुळवून ठेवलेलं होतं, ते कुठं गेलं कळलं नाही. “आबा, मी ती बँकेत दिली. तेव्हाच. कपाटात कधी नव्हतीच.”

राणीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. आबा कागद चोळतच राहिले.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले.

“मग मागितलीत कशाला?”

आबांना धाप लागली. राणीनं चमच्यानं पाणी पाजलं. घोट उतरल्यावर ते म्हणाले, “तू कवा बोलतोस, ते बघत व्हतो. आठ वर्सं बघितला. आता येळ नाय.”

दिनानाथला हुंदका आला. साठीला टेकलेला माणूस, बहिणीसमोर, पण त्याला आवरता आला नाही. आबांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. कागद डोळ्यांशी नेला. गांधीबाबांवरून, मागच्या माणसांवरून सावकाश सरकत त्यांची नजर शेवटच्यावर आली आणि तिथं थांबली. ते इतका वेळ बघत राहिले की दिनानाथ रडायचा थांबला. आता ते कौतुकानं काय म्हणतील ते त्याला जणू ऐकूच येत होतं. बापानं आपल्या हाताचं काम कधी नीट पाहिलं नव्हतं.

“हा कोण?” आबांनी विचारलं.

“आजा.”

“हा तो नाय. ह्याला डोळे हायत.”

आबांनी कागद छातीवर ठेवला, पुन्हा उचलला. “त्यानं मला बघितला नाय रे कवा,” ते म्हणाले. “मी पोटात व्हतो. हा तर बघतोय माझ्याकडं. ज्यानं बघितलाच नाय, तो मला वळखील कसा? हा दुसराच कोनतरी हाय.” त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता, मिठागरावरून येऊन अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या. “मला वाटला, आता जायाचा तर त्याला घेऊन जावा. दिना, मिटव ते.”

दिनानाथनं राणीकडं पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती. डोळा एकदा उघडला तो उघडला. पुन्हा पांढऱ्यात घालायला इथं पांढरं नव्हतं आणि पहिल्यापासून रंगवायला दिवस नव्हते. त्यानं अंगठा जिभेला लावला. रंगाची कडू चव तोंडात आली. कागद बापाच्या छातीवरच ठेवून, हलक्या हातानं, त्यानं आपल्या जन्मातले सगळ्यात चांगले दोन डोळे पुसले. डोळ्यांबरोबर कपाळ गेलं, हनुवटी गेली. चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग उरला आणि खाली पाठीचा बाक आणि उचललेलं पाऊल, तेवढं राहिलं.

आबांनी कागद परत डोळ्यांशी धरला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

“हां,” आबा म्हणाले. “आता चालंल.”

आणि कागद पालथा न घालता, ओळ वर करून, त्यांनी तो उशीशी ठेवला आणि राणीला म्हणाले, घरात झेंडूचं फूल असलं तर बघ.